तुम्हाला सापडलं, आमचं हरवलं

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच दिवशी सात साड्या पडल्या. जेमिनीला सेल्फी द्यायचा, की तो तुम्हाला नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमाची नायिका करून देतो : शिफॉनची साडी, केसात फूल, मागच्या भिंतीवर मावळतीचं ऊन. माझ्या चुलतबहिणीनं केला, वहिनीनं केला. मावशीनं खाली विचारलं, "ही कोणाची सून?"

हसून झाल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, आता घरातले खरे नव्वद सालातले फोटो टाका. तीसेक माणसांच्या ग्रुपवर चार फोटो आले. त्यातले दोन एकाच लग्नातले, आणि एक मामाचा.

मामाचा फोटो म्हणजे आजीच्या भिंतीवरचा, हार घातलेला. त्यात मामाच्या अंगात कोट आहे आणि गळ्यात टाय. मामा दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. एका हंगामात फडावरून येताना ट्रॉली उलटली, ते आलेच नाहीत. त्यांचा एकट्याचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपफोटोतून डोकं घेतलं, स्टुडिओवाल्यानं ते कोटाच्या चित्रावर बसवलं, ब्रशनं टचिंग केलं आणि मोठा करून दिला. मराठवाड्यात अशी कोटातली माणसं घरोघर आहेत. जिवंतपणी कोटाला त्यांचा हातही लागलेला नव्हता.

पत्रा गळून तो फोटो खराब झाला, तेव्हा आम्ही मूळ निगेटिव्हसाठी तालुक्याच्या स्टुडिओत गेलो. मालकाच्या मुलानं मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "निगेटिव्ह कवाच गेल्या की भंगारात. चांदीवाला आला होता, हायपोचं पाणी पण घेऊन गेला."

काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवरचं चित्र म्हणजे चांदीचे बारीक कण. फिल्मवर उजेड पडला नाही तिथली चांदी हायपोत विरघळते, म्हणून त्या पाण्यालाही गिऱ्हाईक असतं. चेहरा राहतो तो उरलेल्या चांदीत. भंगारवाला फिल्म वजनावर घेतो ती त्यासाठीच. मामासकट तालुक्यातली तीस वर्षांची माणसं किलोच्या भावानं गेली.

आता रेट्रोवाल्या पेजेसबद्दल बोलू. तीही मी फॉलो करतो, खोटं कशाला बोलू. जुन्या टायपिंग मशीनचे व्हिडिओ, कॅसेटची कव्हरं, अनोळखी लोकांचे पिवळे पडलेले फोटो. या शेवटच्या प्रकाराला तिथं 'सापडलेले फोटो' म्हणतात. या शब्दाशी माझं भांडण आहे. सापडतं ते आधी कुणाचं तरी हरवलेलं असतं, आणि हरवणाऱ्याचं नाव त्या पोस्टमध्ये कधीच नसतं.

बीजिंगचंच बघा. तोमा सोवां नावाचा फ्रेंच माणूस २००९ पासून तिथल्या एका भंगारवाल्याकडून किलोवर निगेटिव्ह घेत आला. तो भंगारवाला त्या चांदीसाठी ॲसिडमध्ये घालणार होता. सोवांनी लाखो फ्रेम वाचवल्या : नवीन फ्रिजशेजारी उभ्या बायका, समुद्रावरची जोडपी. जगभर प्रदर्शनं झाली, पुस्तकं निघाली. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, तो नसता तर सगळं ॲसिडात गेलं असतं. पण त्या फ्रिजवाल्या बाईचं नाव काय, हे आता कुणी सांगू शकत नाही. ती एक 'मूड' झाली.

फोटोग्राफरचंही तेच होतं. मालीच्या बामाकोमध्ये सेदू केता यांचा स्टुडिओ होता. १९९१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले, ते 'फोटोग्राफर अज्ञात' म्हणून. केता तेव्हा बामाकोत जिवंत होते. अज्ञात कुणाला? ज्या गावात माणसं त्यांच्याकडे रांग लावून फोटो काढायची, त्या गावाला नक्कीच नाही.

आपल्याकडे काय जपलं जातं, तेही बघा. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत. महाल, दरबार, शिकारी, मेजवान्या. जपल्या ते चांगलंच झालं. पण त्याच राज्यातल्या साध्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला पुढं किती दशकं लागली! आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा पहिला फोटो मतदार ओळखपत्राचा, म्हणजे १९९३ नंतरचा. त्याआधीचं जे काही आहे ते तालुक्याच्या स्टुडिओतच, आणि तिथं तर चांदीवाला येऊन गेलाय.

हे अटळ होतं असंही नाही. मध्य प्रदेशात नागदा नावाच्या कारखान्याच्या गावात सुरेश पंजाबी यांचा 'स्टुडिओ सुहाग' आहे. त्यांनी आपल्या निगेटिव्ह टाकल्या नाहीत. पुरानं बऱ्याच खराब झाल्या तरी उरलेल्या राखल्या. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफर पिनी यांनी त्यावर काम केलं, २०१३ मध्ये पुस्तक आलं, आणि त्यात फोटोग्राफरचं नाव ठळक आहे. नागदा काही परळीपेक्षा फार मोठं गाव नाही.

"आता प्रत्येकाच्या फोनमध्ये दहा हजार फोटो आहेत, जुन्या चार निगेटिव्हचं काय एवढं," असं मित्र म्हणतात. अरे, त्या दहा हजारांत तुझा आजोबा आहे का? १२० नंबरच्या रोलवर बाराच फोटो निघायचे. एकेक फोटो विचार करून काढलेला असायचा. मागं रंगवलेला ताजमहाल, पुढं प्लास्टिकच्या फुलांचं टेबल, आणि त्या दोघांच्या मध्ये हाताचं काय करायचं हे न कळलेला माणूस. त्या अवघडलेपणाचं मोल जेमिनीच्या साडीला कुठून येणार? त्याला तर तुमचा खांदासुद्धा माहीत नसतो, तो अंदाजानं काढतो.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो माझ्या आईनं घेतला. स्टुडिओत मुलींचे स्थळासाठी काढलेले फोटो असतात, मोडलेल्या सोयरिकीचे असतात. ते उचलून इंटरनेटवर टाकणार का? नाही टाकायचे. जपणं वेगळं आणि पोस्ट करणं वेगळं. लाइकसाठी कुणाची तरी आत्या वापरली तर आपण त्या चांदीवाल्याहून बरे नाही. ज्याचा फोटो, त्याच्या घरी आधी.

काम अवघड नाही. तुमच्या तालुक्यात, केज असो, गेवराई असो, एखादा जुना स्टुडिओ असेलच, आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालणारा. मालक सत्तरीच्या पुढचा असेल. विचारा, माळ्यावर डबे आहेत का. निगेटिव्हच्या चित्रावर बोटं लावू नका, कडेनं धरा. एका फोनवर पांढरा स्क्रीन पूर्ण उजेडात लावा, त्यावर दोनेक इंच उंच काच ठेवून निगेटिव्ह मांडा म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत. दुसऱ्या फोननं फोटो काढा आणि एडिटमध्ये रंग उलटे करा. गुणवत्ता प्रदर्शनाची येणार नाही, चेहरा येईल. पाकिटावर नाव, गाव, साल असेल तर त्याचाही फोटो काढा, कारण नाव सुटलं की तो पुन्हा कुणाला तरी 'सापडणार' आहे.

मी गेल्या दिवाळीत शेजारच्या तालुक्यात एका काकांकडे बसलो होतो. बिस्किटाचे पत्र्याचे चार डबे, उटीच्या कारखान्याचा 'इंदू' छाप असलेली रिकामी खोकी, आणि वाळवीनं खाल्लेला एक पडदा, त्यावर काश्मीर. काकांना डबे द्यायचे नव्हते, पण तिथं बसून काम करायला त्यांची ना नव्हती. मी एकेक फ्रेम उजेडासमोर धरायचो आणि ते चष्मा पुसून सांगायचे : हा पोस्टातला, ही मास्तरांची थोरली, हा कोण आठवत नाही, हा पण नाही. चार दिवसांत दीड डबा झाला. मामा त्यात असण्याचं कारणच नाही, त्या गावाशी आमचा संबंध नव्हता. तरी प्रत्येक लग्नाच्या ग्रुपमध्ये मी मागची रांग बघत होतो.

अडीच डबे राहिलेत. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे, त्यानंतर या म्हणालेत.