लख्ख दिवे, आंधळे रस्ते

सोयाबीनची सोंगणी-मळणी सुरू झाली की वाशीम जिल्ह्यातले रस्ते रात्रीही जागे असतात. मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, पुढे रब्बीत रात्रीच्या विजेवर ओलित करायला निघालेला, अंगावर काळी घोंगडी घेतलेला शेतकरी, धुऱ्यावरून एकदम डांबरीवर येणारे रोही. हे सगळे काळ्या रस्त्यावर, काळ्या मातीच्या शेजारी ओळखायचे असते. अशा रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला आपला हेडलाइट अपुरा वाटला तर नवल नाही. तो दुकानात जातो, पिवळसर हॅलोजन काढून पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवून घेतो आणि त्या रात्री खुशीत घरी येतो. रस्ता खरोखरच उजळलेला दिसतो. गफलत इथेच होते.

रस्ता उजळणे आणि लांबचे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि पडद्यातल्या मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी हळूहळू जाग्या होतात. त्या पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. गाडीच्या नाकासमोरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा दुधासारखा पांढरा झाला की डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो. बाहुली लहान होते आणि त्या पट्ट्यापलीकडचा अंधार आणखी दाट होतो. चालकाला वाटते, दिसते आहे. प्रत्यक्षात साठ मीटरवरची ट्रॉली पूर्वीपेक्षा उशिरा दिसते.

हा दोष एलईडीचा नाही. जी गाडी कारखान्यातूनच एलईडी घेऊन येते, तिचा दिवा त्या प्रकाशासाठीच घडवलेला असतो. हॅलोजनच्या दिव्यातला आरसा मात्र काही मिलिमीटर लांबीच्या तारेचे स्थान धरून वळवलेला असतो. नेहमीच्या एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. वर जाणारा, समोरच्याच्या डोळ्यात घुसणारा प्रकाश ती अडवते. त्या जागी दोन बाजूंना चकत्या लावलेला स्वस्त एलईडी बसवला की ही सारी भूमिती बिघडते आणि प्रकाश वाट्टेल तिकडे उधळतो. जर्मनीसारख्या, गाड्यांच्या बाबतीत काटेकोर असलेल्या देशातही जुन्या दिव्यात बसवायच्या एलईडीला २०२० पर्यंत परवानगी नव्हती. ती मिळाली तीही तपासून घेतलेल्या मोजक्या बल्बना आणि ठरावीक मॉडेलांपुरतीच. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब. त्याने होल्डर वितळतो, वायर तापते. उजेड वाढतो तसा डोळ्यांत जाणारा झोतही वाढतो.

याची किंमत समोरचा मोजतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर नजर सावरायला तीन सेकंद लागले तर तो माणूस पन्नास मीटर अक्षरशः आंधळेपणाने गेला. त्या पन्नास मीटरांत खड्डा असू शकतो, बैलगाडी असू शकते. पूर्वी हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असे. तो उपाय अडाणी होता, पण त्यामागे समोरच्याचा विचार होता.

वय झालेल्या डोळ्यांना हा झोत अधिक जाचतो. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आकसलेली असते आणि भिंग पिवळसर झालेले असते. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर गढूळ काचेवर ऊन पडावे तसा प्रकाश डोळ्यातच विखुरतो आणि समोरच्या दिव्याभोवती वलये दिसतात. अशा वेळी लोक दिवा बदलतात, गरज असते डोळे तपासण्याची. अर्ध्या नंबरचा जवळदृष्टिदोष दिवसा जाणवत नाही, रात्री बाहुली मोठी झाली की तोच त्रास देतो. मधुमेह असलेल्यांनी तर पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. ती ‘पिकला की बघू’ म्हणून लांबवायचे दिवस गेले. आणि रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे? २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात समोरून झोत येत असताना त्या चष्म्यांमुळे पादचारी ओळखण्यात काहीच सुधारणा दिसली नाही. रंगीत काच प्रकाश कमी करते, एवढेच.

गाडीतही पैसे न घालता करण्यासारखे बरेच आहे. दहा वर्षांच्या गाडीच्या दिव्याची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते आणि निम्म्याहून जास्त उजेड आतच अडकू शकतो. ती पॉलिश करून घेतली किंवा बदलली तर जुनाच बल्ब नवा वाटतो. समोरची काच आतूनही पुसावी. तिच्यावरचा तेलकट थर दिवसा दिसत नाही. डॅशबोर्डवरच्या देवाच्या मूर्तीभोवती लुकलुकणारी रंगीत माळ रात्री बंद ठेवावी, देव रागावणार नाही. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली पडते का, ते पाहावे. मागे चार माणसे आणि पोती भरली की गाडीचे नाक वर उचलले जाते. त्यासाठीच बहुतेक मोटारींत दिवा खाली करायचे छोटे चाक दिलेले असते. ते कधी फिरवलेले असते का, हा प्रश्नच आहे.

वेगाचा हिशेबही डोळ्यांसमोर असावा. ताशी ८० किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर, विचार करण्याचा दीड सेकंद धरून, गाडी थांबायला सत्तरएक मीटर लागतात. काळे कपडे घातलेला माणूस डिपरमध्ये बहुधा त्याच्या आतच दिसतो. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. तिथून उतरून गावरस्त्याला लागलेल्या चालकाच्या पायाला तो वेग सहज सुटत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की, आठ मीटरवर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला असावा. ही तपासणी रात्री, रस्त्यावर, किती वेळा होते? हेल्मेट आणि कागद पाहिले जातात, दिवा नाही. परवान्याच्या अर्जातही दृष्टीची कसोटी आहे ती ‘चांगल्या सूर्यप्रकाशात’ २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचण्याची. रातांधळेपणाचा प्रश्न अर्जात आहे, पण त्याचे उत्तर अर्जदारानेच ‘नाही’ असे लिहायचे असते. चाळिशीनंतर लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र तरी डोळ्यांचे भिंग आणि पडदा पाहूनच दिले जावे. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा मोहिमेत एसटी, ट्रक आणि काळी-पिवळीच्या चालकांची शिबिरे होतात, तिथे चष्म्याच्या नंबरावर न थांबता मोतीबिंदूही पाहावा.

आणि ट्रॉलीला मागून लाल परावर्तक पट्टी लागली तर साध्या डिपरमध्येही ती शंभर-दीडशे मीटरवरून चमकते. कुणालाच मोठा दिवा लावावा लागत नाही. सोयाबीनची बहुतेक ट्रॉली कधी ना कधी वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीच्या फाटकातून आत जातेच. मोजमाप होईपर्यंत ती तिथे उभी असते. पट्टी चिकटवायला तेवढा वेळ पुरतो, फक्त तिचा गठ्ठा दसऱ्याआधी फाटकावर येऊन पडला पाहिजे.