आठवीनंतर भूक संपते काय?

मुरूड तालुक्यातील काशीदच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याचे पाहुणे सुरमई-पापलेटच्या थाळ्या संपवून परततात. परिसरातील पंधरा वर्षांच्या मुलीच्या पानात काय पडते, हा प्रश्न पर्यटनविकासाच्या जमाखर्चात बसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५४.१ टक्के होते. दोन पाहण्यांच्या दरम्यान, २०१८ साली, सरकारने रक्तक्षयमुक्त भारताची घोषणा केली होती!

यावर सरकारी उपदेश ठरलेला: पालेभाजी खा, जेवणावर चहा पिऊ नका. उपदेश खोटा नाही. नाचणी, शेवग्याचा पाला, अळीव, सुकी मासळी, आणि लोह अंगी लागावे म्हणून लिंबू-आवळा. कोकणातल्या आईला हे शिकवावे लागत नाही. परंतु वाढत्या वयाच्या, पाळी सुरू झालेल्या मुलीला दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते आणि शंभर ग्रॅम नाचणीत ते पाच मिलिग्रॅमही नसते. उरलेले मोलमजुरी करणाऱ्या कातकरी कुटुंबाने कोठून आणावयाचे? आणि आणलेच, तरी घरात शेवटी जेवणारीच्या वाट्याला त्यातले किती यावयाचे?

शाळेत आठवड्याला लोहाची एक गोळी देण्याची योजना आहे. ती अवश्य मिळावी, पण गोळी म्हणजे जेवण नव्हे. मध्यान्ह भोजन आठवीला थांबते, म्हणजे गरज वाढते नेमके तेव्हाच. किशोरींचा पोषण आहार २०२२ च्या फेररचनेत १४ ते १८ वयाच्या मुलींपुरता, आणि ईशान्य भारत वगळता फक्त ‘आकांक्षित’ जिल्ह्यांपुरता ठेवला गेला. महाराष्ट्रातील असे जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव. रायगड त्यांत नाही. काशीदची नववीतली मुलगी दोन्ही योजनांच्या फटीत पडते, ती अशी.

लहान वर्गांच्या ताटाचीही गत पाहावी. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंडे हवे तर लोकवर्गणी जमवा, असे शाळांना सांगितले. ज्यांच्या मुलांना अंडे परवडत नाही, त्यांनीच वर्गणी द्यावी!

म्हणून बारावीपर्यंत शाळेतच जेवण आणि शासनाच्या पैशाने अंडे, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून अलिबागला जिल्हा परिषदेवर धडकली पाहिजे. नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासून बारा ग्रॅमखाली कितीजणी आहेत, तो गाववार आकडाही कार्यकर्त्यांनी आरोग्य खात्याकडून मागून घ्यावा.