'फिलर' कुणाला म्हणायचं?

एखादी ॲनिमेशन मालिका सुचवली की हल्ली पहिला प्रश्न येतो, "यातले फिलर भाग कुठले?" म्हणजे मुख्य कथा पुढे न नेणारे भाग आधीच वगळायचे आणि धावत शेवट गाठायचा. मला हे पटत नाही.

सुट्या भागांची पद्धत काही आळसातून आलेली नाही. टीव्हीवर जुने भाग पुन्हा दाखवताना क्रम पाळला जाईलच असं नसे. एखादा भाग चुकला तरी प्रेक्षकाचं अडू नये, म्हणून गोष्ट त्याच भागात मिटवायची. 'द सिम्पसन्स' १९८९ मध्ये सुरू झाली आणि बार्ट अजून दहा वर्षांचाच आहे! यात मजा आहे. पण कालचं दुःख आज बहुधा कुणाला आठवत नाही, ही त्याची मर्यादा.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५-२००८) ही ६१ भागांची मालिका सलग कथेचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. तरी तिच्या दुसऱ्या पर्वात 'टेल्स ऑफ बा सिंग से' नावाचा भाग आहे. त्यात सहा छोट्या गोष्टी आहेत आणि युद्धाची कथा इंचभरही सरकत नाही. त्यातली एक आयरोची. हा म्हातारा दिवसभर शहरातल्या अनोळखी लोकांना मदत करतो आणि संध्याकाळी टेकडीवर जाऊन मेलेल्या मुलाच्या तसबिरीपुढे गातो. गाता गाता रडतो. गोष्ट काही मिनिटांची, तिथेच संपते.

त्याच पर्वाच्या शेवटी पुतण्या झुको आयरोला दगा देतो. तिसऱ्या पर्वात तो माफी मागायला येतो, तेव्हा त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत आयरो त्याला मिठीत ओढतो. टेकडीवरचा बाप ज्याने पाहिलाय, त्यालाच या मिठीचं वजन कळेल. ज्याने तो भाग 'फिलर' म्हणून उडवला, त्याला फक्त पुढे काय झालं ते कळेल.

ही मिठी पाहताना मला लूककृत शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आठवतो. "मला मजुरासारखं ठेवा" हे मुलाने ठरवलेलं वाक्य तिथेही राहूनच जातं. हा दाखला येशू यरुशलेमच्या वाटेवर असताना येतो. त्याने प्रवास पुढे जात नाही. म्हणून तो वगळून थेट क्रुसाकडे चला, असं कुणी म्हणेल का?

सगळेच सुटे भाग चांगले असतात असं नाही. याच मालिकेतला 'द ग्रेट डिव्हाइड' मलाही कंटाळवाणा वाटतो, आणि पुढे मालिकेनेच त्याची थट्टा केली आहे. पण तो फसतो, कारण त्यातून या मुलांबद्दल नवं काहीच कळत नाही. कसोटी ही असावी. कथा किती पुढे गेली याबरोबरच, माणूस किती कळला हेही विचारू या. साहित्याच्या वर्गात आपण कादंबरी अशीच वाचतो ना? मग कार्टूनला वेगळा नियम कशाला?