पंप बदलण्याआधी थोडं थांबा!

हिवाळा लागला की जबलपूरजवळच्या पाटण-शहपुरा भागातला हिरवा मटार ट्रकमध्ये भरून नागपूर-मुंबईच्या वाटेला लागतो. शेंगा ताज्या असतात तोवरच त्यांना भाव. अशा वेळी वाटेतल्या एखाद्या चढणीवर ट्रकने दम टाकला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवूनही गाडी उचलेना, तर? माल वाटेत खराब होतो, व्यापारी भाडं कापतो, बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही. ज्या घरात एकच ट्रक आहे, त्या घरात तो कमावत्या मुलासारखा असतो. तो आजारी पडला की सगळं घर काळजीत पडतं.

आणि मग रस्त्याकडेच्या गॅरेजात ते ठरलेलं निदान कानावर येतं, ‘पंप गेला!’

पंप म्हणजे मोठा खर्च. तो खरंच गेलाय का, गेला असेल तर कंपनीचाच घ्यायचा की बाहेरचा स्वस्त चालेल, आणि बसवताना काय बघायचं, हे मिस्त्रीइतकंच मालकाला आणि त्याच्या घरच्यांनाही ठाऊक हवं. कारण पैसे घरच्याच कपाटातून जाणार असतात.

जबलपूरचं जुनं नातं

डिझेल ट्रक आणि जबलपूर यांचं नातं जुनं आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत पन्नासच्या दशकाअखेरीस जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. १९६९मध्ये वाहनांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरीच उभी राहिली. १९९६मध्ये शक्तिमानचं उत्पादन थांबलं आणि त्याची जागा अशोक लेलँडच्या ‘स्टॅलियन’ आणि टाटांच्या ‘एलपीटीए’ या गाड्यांनी घेतली.

ज्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेलने १८९७मध्ये आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तोच कारखाना पुढे ‘मान’ कंपनीचा भाग झाला. पण डिझेलच्या त्या इंजिनात इंधन फवारायला दाबाची हवा लागे आणि ती तयार करायला भलामोठा कॉम्प्रेसर. एवढं धूड ट्रकवर बसणार कसं? वाट मोकळी केली ती छोट्या आणि नेमक्या इंधन पंपाने. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२मध्ये त्यावर काम हाती घेतलं आणि १९२७पासून हे पंप मोठ्या संख्येने बनू लागले. ट्रक सर्रास डिझेलवर धावू लागले ते त्यानंतर.

आपल्याकडे १९५१मध्ये बंगलोरला बॉशच्या तंत्रज्ञानावर ‘मायको’ ही कंपनी सुरू झाली. पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. २००८मध्ये मायकोचं नाव बॉश लिमिटेड झालं. जुन्या मिस्त्रींच्या तोंडचा ‘मायकोचा पंप’ मात्र तसाच राहिला.

पंप दोन, गोंधळ एक

घोटाळा होतो तो इथे. जुन्या पद्धतीच्या ट्रकमध्ये पंप एक नसतो, दोन असतात. पहिला फीड पंप. हा छोटा, टाकीतलं डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलणारा. याचं काम एक-दोन बार दाबावर भागतं. दुसरा मोठा इंजेक्शन पंप. हा प्रत्येक सिलिंडरला ठरलेल्या क्षणी, ठरलेलं डिझेल शेकडो बार दाबाने पाठवतो. तुलनेसाठी सांगायचं तर ट्रकच्या टायरमधल्या हवेचा दाब साधारण आठ बार असतो.

मोठ्या पंपातला प्लंजर आणि त्याभोवतीचं बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम दोन-तीन भाग. माणसाचा केस याच्या वीसपट तरी जाड. म्हणून डिझेलमधला बारीकसा कण किंवा पाण्याचा थेंबही या पंपाला महाग पडतो.

फीड पंप तुलनेने खूपच स्वस्त. पण तो कमजोर झाला की मोठ्या पंपाला डिझेल कमी पडतं आणि लक्षणं अशी दिसतात की दोष मोठ्याच्या माथी जातो. उपाशी माणसाला अशक्त ठरवून टॉनिक द्यावं, तसाच हा प्रकार!

आधी स्वस्त, मग महाग

जाणकार मिस्त्री तपासणी टाकीपासून सुरू करतो. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर आत ओढ बसते आणि डिझेल येईनासं होतं. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज आला की रोग सापडला. त्यानंतर टाकीतली जाळी, मग फिल्टर, मग पाइपांचे जोड. जोडाला लावलेला एखादा वॉशर दबला असेल तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, पण आत हवा ओढली जाते. यालाच ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. फीड पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

धूरही बरंच सांगून जातो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यात बिचाऱ्या पंपाऐवजी चोंदलेला एअर फिल्टर किंवा थेंब गाळणारा नोझलही दोषी असू शकतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, टायमिंग चुकलंय किंवा कॉम्प्रेशन कमी झालंय. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. तिथे पंप बदलून काहीच हाती लागणार नाही.

एवढं सगळं पाहूनही शंका उरली, तर मोठा पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवावा. तिथे प्रत्येक एलिमेंटमधून येणारं डिझेल काचेच्या मापनळ्यांमध्ये जमा होतं. सहाही नळ्यांतली पातळी ठरलेल्या मर्यादेत सारखी असेल तर पंप निर्दोष. मालकाने ही तपासणी शक्यतो समोर उभं राहून बघावी. वाद राहत नाही.

कोणता घ्यावा?

बाजारात चार प्रकार मिळतात. पहिला, वाहन कंपनीच्या नावाने, तिच्या डब्यात येणारा. दुसरा, पंप बनवणाऱ्या कंपनीचाच, पण तिच्या स्वतःच्या डब्यातला. पुष्कळदा या दोन्हींचा कारखाना एकच असतो आणि दुसरा थोडा स्वस्त पडतो. तिसरा, जुना पंप उघडून नवे एलिमेंट घातलेला, म्हणजे रिकंडिशन केलेला. जुन्या गाडीला हाही उत्तम चालतो, मात्र काम अधिकृत पंप सेंटरमधलं हवं आणि सोबत बेंचच्या आकड्यांचा कागद हवा. चौथा प्रकार हुबेहूब डब्यातला बनावट माल. त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

निवडताना किमतीआधी बघायची ती पंपावरची पाटी. तिच्यावरचा क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. दिसायला सारख्या दोन पंपांत प्लंजरचा व्यास, गव्हर्नर किंवा फिरण्याची दिशा वेगळी असू शकते. ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांत फरक आहे. डब्यावरचा होलोग्रॅम, पडताळणीचा क्रमांक आणि वॉरंटी कार्ड तपासावं. जुना पंप दुकानदाराकडे टाकून येऊ नये. त्याला मोडीतही बरी किंमत येते.

बसवताना

पंप बसवणं हे घाईचं काम नाही. आधी भोवतालची सगळी जागा धुऊन पुसून घ्यावी. उघड्या पाइपांना टोपणं लावावीत. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवाव्या लागतात. त्यात थोडी जरी चूक झाली तरी गाडी धूर ओकते, ओढ घटते आणि डिझेल जास्त खाते. जोडांचे वॉशर नवेच घालावेत. काही पंपांना स्वतःचं ऑइल लागतं, ते कोरडे सुरू केले तर पहिल्याच दिवशी झिजतात.

मग येतो हवा काढण्याचा सोपस्कार. फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबत राहायचं, फेस जाऊन स्वच्छ डिझेलची धार आली की स्क्रू आवळायचा. एअर न काढता नुसता सेल्फ मारत राहिलं तर बॅटरी उतरते आणि सेल्फही जळतो.

एक मोह मात्र टाळावा. ‘सील तोडून जरा डिझेल वाढवून देतो, घाटात गाडी पळेल’, असं कुणी म्हटलं तर हात जोडावेत. चार दिवस गाडी पळते, मग पिस्टन आणि टर्बो आपली किंमत वसूल करतात.

नव्या गाड्यांचं वेगळं तंत्र

१ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवर आली. या गाड्यांतल्या कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे बार आणि त्याहूनही पुढे जातो. इंजिन चालू असताना पाइपाचा नट सैल करण्याची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते, डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. इथे हाती पान्हा घेण्याआधी स्कॅनर लावायचा असतो. शिवाय असा पंप झिजून फुटला की धातूचा चुरा रेल आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. टाकीपासून सगळा मार्ग साफ न करता नुसता नवा पंप बसवला, तर तोही काही दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

कायदा कुणाच्या बाजूने?

पंप बनावट निघाला तर? ट्रेडमार्क कायदा, १९९९नुसार खोट्या नावाने माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

ट्रक धंद्यासाठी आहे, म्हणून आपण ‘ग्राहक’ नाही, असा अनेकांचा समज असतो. तो सरसकट खरा नाही. निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कवच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या निकालात उदाहरणच दिलं होतं ते स्वतः ट्रक चालवणाऱ्या मालकाचं. मात्र दाद मागायला पक्कं बिल हवं, त्यावर पंपाचा क्रमांक हवा. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा हे कवच स्वतःच्या हाताने उतरवून ठेवतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

पंपाचं आयुष्य वाढवायचं तर...

• वॉटर सेपरेटरमधलं पाणी नियमित काढा, पावसाळ्यात तर रोज.

• रात्री गाडी उभी करताना टाकी शक्यतो भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं.

• फिल्टर ठरलेल्या किलोमीटरला बदला. चार पैसे वाचवायला तो धुऊन वापरू नका.

• खात्रीच्या पंपावरच डिझेल भरा. ढाब्यामागच्या स्वस्त कॅनच्या नादी लागू नका.

• बिलं, बेंचचा कागद आणि वॉरंटी कार्ड घरी एका फाइलमध्ये ठेवा. ट्रक रस्त्यावर अडला की तीच माहिती घरून फोनवर सांगता येते.