त्वचेचा ब्लड ग्रुप नसतो

दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलवर परतलेल्या बॅगांमध्ये दोन गोष्टी हमखास असतात. चकलीचा डबा आणि उरलेली उटण्याची पुडी. डबा पहिल्याच रात्री रिकामा होतो. पुडी टेबलावर पडून राहते आणि मग कुणीतरी म्हणतं, 'वाया कशाला घालवायची? रोज फेस पॅक म्हणून लावू की!'

थांबा. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाहीये, स्वतःचा चेहरा सोलून घेतल्यावर सांगतेय.

सेकंड इयरला होते, पुण्यात. डिसेंबरची थंडी आणि तोंडावर आलेला ट्रॅडिशनल डे. त्याआधी तीन आठवडे मी एक दिवसाआड मुलतानी माती लावत होते, वर लिंबू पिळून. कारण माझी स्किन 'ऑइली'. म्हणजे दहावीत होती! तेव्हा कपाळभर पिंपल्स होते, आईने मुलतानी आणून दिली, फरक पडला आणि मी ते लेबल स्वतःला कायमचं चिकटवून टाकलं. ट्रॅडिशनल डेला नऊवारी झकास नेसले, पण गालांवर पापुद्रे. त्यावर फाउंडेशन बसेना. साधं पाणी लावलं तरी चुरचुरायचं. फोटो आहेत, दाखवणार नाही.

स्किनच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ''ऑइली आहे हे कधी ठरवलंस?'' मग महिनाभर सगळं बंद. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, बास. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात, तेवढी वाट बघ म्हणाले.

आपण सगळेच हे करतो. ऑइली, ड्राय, कॉम्बिनेशन असा एक शिक्का मारून घेतो, जणू तो ब्लड ग्रुप आहे. पण चेहरा मुंबईच्या दमट मे महिन्यात वेगळा वागतो, नागपूरच्या कोरड्या उन्हात वेगळा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर हमखास काहीतरी उगवतं. सबमिशनच्या जागरणांत चेहरा आणखी वेगळा. मग कपाटात मास्क मात्र वर्षभर एकच का?

माझं मत स्पष्ट आहे. मास्क 'स्किन टाइप' बघून निवडू नका, आज चेहरा काय म्हणतोय ते बघून निवडा. ते कळायला अॅप लागत नाही. चेहरा धुवा, काहीही न लावता अर्धा-पाऊण तास बसा. नाक-कपाळ चकाकतंय? गाल ओढल्यासारखे वाटतायत? की दोन्ही एकदम? बहुतेकांचं उत्तर 'दोन्ही' येईल, आणि त्यात चूक काहीच नाही.

चकाकणाऱ्या भागाला माती चालते. मुलतानी असो वा ब्रँडेड क्ले मास्क, काम तेच: तेल शोषून घेणं. पण ती सुकताना त्वचेतलं पाणीही ओढते. म्हणून भेगा पडेपर्यंत, हसता येईनासं होईपर्यंत ठेवायची नसते. कडा सुकल्या आणि मधे ओलसर असतानाच धुवायची. दहा मिनिटं पुष्कळ. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात फार तर दोनदा. आणि फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर लावली तर कुणी दंड करत नाही. गालांना त्याच वेळी कोरफडीचा जेल लावा. अर्धा चेहरा मातीचा, अर्धा चकचकीत, रूममेट हसेल. हसू दे.

ओढल्यासारख्या वाटणाऱ्या त्वचेला पाणी हवं असतं आणि ते धरून ठेवणारं काहीतरी. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अॅसिड असलेला जेल किंवा शीट मास्क इथे उपयोगी, पण लगेच वरून मॉइश्चरायझर हवंच. शंभर रुपयांचा शीट मास्क लावून वर काहीच न लावणं म्हणजे बादली भरून खालचा नळ उघडा ठेवणं. घरची साय आणि बेसन काहींना छान मानवतं. ज्यांना पिंपल्स येतात त्यांनी साय जपून.

उटण्याचंही तसंच. चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद अशा पावडरींचं ते मिश्रण कोरडं असतं. घरी ते लावण्याआधी आजी काय करते? अंगभर तेल! तेही थंडीच्या तोंडावर. आपण तेल विसरलो आणि उटणं तेवढं होस्टेलवर आणलं.

चेहरा लाल झालाय, चुरचुरतोय, उन्हात भाजलाय? त्या दिवसाचा योग्य मास्क म्हणजे कुठलाच नाही. पिंपल्ससाठी डॉक्टरांनी अॅडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा गोळ्या दिल्या असतील तर अॅसिडचे आणि ओढून काढायचे पील-ऑफ मास्क दूर ठेवा. मुलांनो, पान उलटू नका. दाढी केल्या केल्या माती लावलीत तर जी आग होते, ती 'असर' नसते.

लिंबाबद्दल थोडं रागाने लिहिते. 'नॅचरल आहे' म्हणून ते प्रत्येक रीलमध्ये पिळलं जातं. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा दोनच्या जवळ. किती पट आम्ल ते केमिस्ट्रीवाल्यांनी काढून बघावं. त्यात लिंबू लावून उन्हात गेलं तर काळे डागही पडू शकतात. बेकिंग सोडा दुसऱ्या टोकाचा, तोही नको.

आणि त्याहून गंभीर गोष्ट. पॅकमध्ये 'थोडं' मिसळायला म्हणून मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं बारीक अक्षरात असेल तर ते स्टिरॉइड आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय वापरायचं नाही. आठवडाभर चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केल्यावर लाली आणि पिंपल्स उसळून येतात. अशी ट्यूब महिनोन् महिने लावली असेल तर एकदम सोडू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोरं करणारा मास्क अस्तित्वात नाही, आणि त्याची गरज कुणी कशाला पाडली, यावर वेगळं लिहीन.

बाकी मास्क म्हणजे पंधरा मिनिटांत धुऊन टाकायची चीज. त्याच्याकडून किती अपेक्षा करायची? पैसे मोजकेच असतील तर आधी सनस्क्रीन घ्या. स्कूटीवर स्कार्फ बांधत असाल तर तो रोज धुवा. घामट स्कार्फ पुन्हा पुन्हा गालावर घासून वर महागडा क्ले मास्क लावणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. (मीही त्यात होते.) नवीन काहीही आधी कानामागे लावून दोन दिवस बघा, फेस्टच्या आदल्या रात्री तर नकोच.

मी सध्या मुंबईत आहे, इंटर्नशिपसाठी. लोकलमधून उतरेपर्यंत नाक तेलकट होतं, न्यूजरूमच्या एसीत संध्याकाळपर्यंत गाल कोरडे. परवा रविवारी नाकापुरती मुलतानी लावली, चमचाभर. उरलेली पुडी रूममेटने मागितली. तिला म्हटलं, आधी चेहरा धू आणि अर्धा तास बस.