ब्रँड नावावर करायची फी निम्मी करा

लघुउद्योजकाने आपल्या मसाल्याच्या ब्रँडसाठी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज केला, तर 2017च्या नियमांनुसार मालाच्या एका वर्गाला 4,500 रुपये पडतात. मोठ्या कंपनीला 9,000. सवलत रास्तच आहे. पण पुढे एकल मालकीची फर्म प्रायव्हेट लिमिटेड झाली किंवा मालक वारला, आणि तोच ट्रेडमार्क कंपनीच्या वा वारसांच्या नावावर करायचा झाला, की ही सवलत संपते. त्या अर्जाला प्रत्येक ट्रेडमार्कमागे 9,000 रुपये लागतात. तीन ब्रँड असले तर 27,000, वकिलाचे वेगळे. मग करारपत्र कपाटात ठेवून नोंदीचे ‘नंतर बघू’ म्हणण्याचा मोह होणारच.

हा मोह अंगाशी येऊ शकतो. मालकी करारानेच जाते, हे खरे; पण 1999च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 45 सांगते की, नोंदीचा अर्ज होईपर्यंत ते हस्तांतर अशा तिऱ्हाइताविरुद्ध चालत नाही, ज्याने काही ठाऊक नसताना त्याच ट्रेडमार्कमध्ये हक्क घेतला. फेरफार न करता जमीन घेण्यासारखाच हा प्रकार. शिवाय कर्ज देणारी बँक किंवा ब्रँड वापरायचा परवाना घेणारा व्यापारी नोंदवहीच पाहतो, आणि तिथे जुन्याच मालकाचे नाव दिसते.

फी कमी केली तर नावे अडवून ठेवणाऱ्यांचे फावेल, असा आक्षेप येईल. तो नव्या अर्जांना लागू आहे. हस्तांतरात नवे नाव अडवले जातच नाही. खोट्या कागदांची भीती असेल, तर वाजवी शंका आल्यास पुरावा मागण्याचा अधिकार रजिस्ट्रारला कलम 45नेच दिला आहे. राहिला महसूल. नव्या अर्जाची तपासणी करावी लागते, जर्नलमध्ये प्रसिद्धी द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. साध्या हस्तांतरात बहुतेक काम कागद पाहण्याचे. मग लघुउद्योजकाकडून त्याच्या मूळ अर्जाच्या दुप्पट रक्कम कशाच्या जोरावर घ्यायची? व्यवसायाची पत, म्हणजे गुडविल, वगळून केलेल्या हस्तांतराला जाहिरात द्यावी लागते. तिथे पूर्ण फी राहू द्यावी. बाकी ठिकाणी लघुउद्योगांना निम्मी आणि वारसांना नाममात्र फी ठेवावी. त्यासाठी संसदेची वाट पाहायला नको. फीचा तक्ता कायद्यात नसून नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि नियम बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.