शवागारावर हुकूम कुणाचा?

सप्टेंबर 2002. पिट्सबर्गच्या शवविच्छेदन टेबलावर माइक वेब्स्टर होता. स्टीलर्स संघाकडून चार सुपर बोल जिंकलेला हा खेळाडू अखेरच्या काळात पिकअप गाडीत झोपायचा, पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. वय अवघं 50, मृत्यू हृदयविकाराने. टेबलाशी उभ्या असलेल्या डॉ. बेनेट ओमालूंना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नायजेरियात 1968 साली, बियाफ्राच्या युद्धकाळात जन्मलेले ओमालू वैद्यकीय पदवी घेऊन 1994 मध्ये अमेरिकेत आले होते.

मेंदू वरकरणी ठीकठाक दिसला. तरी ओमालूंनी तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवला आणि पदरमोड करून त्याचे काप रंगवून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली टाउ प्रथिनाचे गुंते दिसले. डोक्यावर सतत आदळआपट झालेल्या मुष्टियोद्ध्यांची दुर्दशा 1928 पासून नोंदली गेली होती. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूतला पुरावा मात्र नवा होता.

2005 मध्ये शोधनिबंध आला. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायला सांगितलं. ओमालू बधले नाहीत. 2015 मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, विल स्मिथने ती भूमिका केली. त्यांचे काही दावे अतिरंजित असल्याची टीकाही पुढे तज्ज्ञांनी केली.

एकट्या स्थलांतरिताची झुंज म्हणून ही कथा रंगते खरी, पण एक गोष्ट निसटते. मृत्यूचं कारण सापडल्यावरही मेंदू तपासायची मुभा त्यांना मिळाली, कारण त्यांचे वरिष्ठ सिरिल वेक्ट स्वतः पॅथॉलॉजिस्ट होते, पोलीस अधिकारी नव्हते.

याची दुसरी बाजू कॅलिफोर्नियात दिसली. ओमालू तिथे डेव्हिसच्या विद्यापीठात शिकवत आणि सॅन वाकीन काउंटीत शवविच्छेदनं करत. या काउंटीत शेरिफ, म्हणजे पोलीसप्रमुखच, कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी होता. पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंच्या निष्कर्षांत तो ढवळाढवळ करतो, असा आरोप करून ओमालूंनी 2017 च्या अखेरीस राजीनामा दिला. त्यांच्या सहकारी डॉक्टरनेही नोकरी सोडली. शेरिफने आरोप फेटाळले. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवू. ज्याची माणसं संशयाच्या घेऱ्यात येऊ शकतात, त्याच्याच हाताखाली शवविच्छेदकाला बसवणं मुळात चूक आहे. डॉक्टर कितीही करारी असो, दर अहवालाला राजीनामा खिशात घेऊन बसायची वेळ त्याच्यावर येता कामा नये.

2018 मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शवविच्छेदनाचं काम शेरिफकडून काढून घ्यायचं ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंटींत मात्र अजूनही शेरिफच कॉरोनर आहे.